दोन उजवे बूट

महाड, रविवार, संध्याकाळ

मराठी भाषेवर आज भर बाजारपेठेत अत्याचार झाला आणि हळहळणारा मी एकटाच. आमच्या मदत-विक्रीच्या फलकावर 'क्रिडासाहित्य', पहिली वेलांटी. गरजू रुग्णांच्या औषधांसाठी जुने बूट, बॅटी, रॅकेटी विकायच्या, तर निदान वेलांटी तरी दुसरी हवी. सकाळभर येईल त्याला हेच ऐकवत मी बुटांच्या नाड्या बांधून जोड्या लावत होतो.

दुपारी वरंधची एक बाई मुलीसाठी कबड्डीचे बूट घेऊन गेली आणि स्टँडवरून परत आली. "दादा, दोनी डाव्याच पायाचे हायत."

मी म्हणालो, "मग काय, पोरगी डावीकडूनच चढाई करेल." सगळे हसले. तीही हसली. "चालल, येष्टी सुटल माझी," म्हणाली आणि तेच बूट घेऊन गेली.

आवरताना टेबलाखाली त्याच मापाचे दोन उजवे बूट सापडले, माझ्याच गाठीने बांधलेले. तेव्हाच वाकून बघितलं असतं तर?

परवा पोलादपूरला मुलीचे सामने आहेत, असं ती बूट निवडताना म्हणाली होती. नाव मी विचारलं नाही. उद्या हे दोन उजवे घेऊन वरंधला जाईन, पण कुणाला शोधतोय म्हणून सांगू? दोन डावे बूट नेलेली बाई? म्हणजे गावभर पुन्हा तिचंच हसं.

बूट पोचतीलही. खरी भीती वेगळी आहे. ती समोर उभी होती तेव्हा तिची अडचण मला दिसलीच नाही, आधी विनोद सुचला. आणि लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं.