लिफ्टमधल्या माणसाबद्दल समीक्षक गप्प

६ जून, शुक्रवार
आज 'कप्पु कोडे' रिलीज. म्हणजे काळी छत्री. कन्नड क्राइम थ्रिलर, दोन तास छप्पन्न मिनिटं, खुनी चार वेळा बदलतो. व्हाइटफील्डला पहिलाच शो पाहिला. हीरो लिफ्टमध्ये मला विचारतो, वर कोण राहतं? मी म्हणतो, गोत्तिल्ला. माहीत नाही. सगळा संशय तिथूनच सुरू होतो. विद्या म्हणाली, अकरा सेकंद होतास. बायको अभिनय बघायचा सोडून सेकंद मोजत बसली.
निश्चय : व्हीआरएस. सत्तावीस वर्षं कारखान्याच्या टेस्टिंगमध्ये गेली. आता पूर्णवेळ अभिनय.

७ जून, सकाळी ६.१०
चार रिव्ह्यू वाचले. कॅमेरा स्टायलिश, नायिकेचे डोळे बोलके, छत्रीचंसुद्धा कौतुक. माझं नाव कुठेच नाही. वाईट वाटलं. मग लक्षात आलं, चौघांनीही लिहिलंय की याहून जास्त सांगितलं तर ट्विस्ट फुटेल. म्हणजे माझंच नाव लपवतायत. जबाबदार माणसं आहेत.

८ जून
एकाने लिहिलंय, काही पात्रं येतात आणि का आली ते कळत नाही. गूढ टिकवलं, हे मान्य केल्यासारखंच झालं.
विद्याला व्हीआरएसचं सांगितलं. तिची अट : आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना सिनेमा दाखव. त्यांनी कौतुक केलं तर खुशाल सोड नोकरी. नाहीतर आशयचं इंजिनिअरिंग होईपर्यंत विषय बंद. पोरगं आत्ता कुठे सेकंड इयरला आहे. तरी अट मंजूर. हरायचा प्रश्नच नाही.

१० जून
मंडळाचे सेक्रेटरी शंतनु यांनी रविवारचं बुकिंग केलं. बावीस जण. एकच काळजी, हीरोचा फ्लॅशबॅक फार लांब आहे. मी येईपर्यंत लोक पेंगतात. म्हणून 'अभिमन्यू' या नावाने तीन साइटवर रिव्ह्यू टाकला : सिनेमा उत्तम, पण रेंगाळतो. जे नको ते निर्दयपणे कापा.

११ जून, लंच टाइम
दोनशे चाळीस लाइक! खाली सगळे 'कापा, कापा' म्हणून पेटलेत. दोन बड्या समीक्षकांनीही आता लांबीवर बोट ठेवलंय. माझं वाचूनच, दुसरं काय.

१३ जून
प्रोड्यूसरने जाहीर केलं : समीक्षक आणि प्रेक्षकांच्या मागणीला मान देऊन उद्यापासून नवी प्रिंट, अठरा मिनिटं कमी. एकट्याने इंडस्ट्रीला वळण लावलं! साहेबांना, म्हणजे रघुपती सरांना, सांगून टाकलं की सोमवारी अर्ज आणतो. ते म्हणाले, स्वल्प विचार करा. सरी सरी, बरं बरं, म्हटलं.

१५ जून, रविवार
फ्लॅशबॅक जसाच्या तसा आहे. लिफ्ट नाही. हीरो गेटमधून शिरतो तो थेट तिसऱ्या मजल्यावर. सिनेमा पुष्कळ वेगवान झालाय, हे कबूल करायला हवं.
दिवे लागले तेव्हा बावीसही जण माझ्याकडे बघत होते. पळून जावंसं वाटलं. शंतनु पुढे आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, रत्नाकरराव, ते प्रेत काय केलंत हो! एवढा मोठा शॉट, पण श्वास म्हणून दिसला नाही. कुठलं प्रेत, ते मला आधी कळेना. मग कळलं, सिनेमात तिसऱ्या मजल्यावरच्या घरातलं, चादरीखालचं. स्मृतीवहिनी म्हणाल्या, मी तर पावलं बघूनच ओळखलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी थँक्यू म्हटलं. बोटं वळवून पावलं तेवढी खुर्चीखाली सारली.
अट तशी मीच जिंकलो. विद्याला खरं काय ते ठाऊक होतं, पण ती तिथे एक अक्षर बोलली नाही. मेट्रोत के. आर. पुरम आलं. मला रडू येईल असं वाटत होतं. मग तिने विचारलं, उद्या डब्याला भेंडी चालेल का?
चालेल, म्हटलं.