सहा मेची राहिलेली नोंद

२० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मेअखेर तू वर्तमानपत्रातून निवृत्त होणार, म्हणजे क्रीडापानावरचं तुझं ‘आजच्या दिवशी’ हे सदरही संपलं. एकवीस वर्षं दर सहा मेला मी ते चष्मा पुसून वाचते. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस दरवर्षी हजर. त्याच तारखेला आंतरशालेय चारशे मीटर जिंकलेली तुझी सख्खी बहीण मात्र गैरहजर!

पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नातीला म्हटलं, याच गुडघ्यांनी मी सगळ्यांना मागे टाकलंय. ती हसून हसून उचक्या देऊ लागली. मस्करी राहू दे दादा, मला वाईट वाटलं. या शेवटच्या खेपेला तरी मला घाल.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो थोडा कागदावर उतरव.

तुझी,
टिटवी

२६ एप्रिल

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

नातीची उचकी थांबली का? माझा नियम तुला ठाऊक आहे. वेळेची नोंद नसेल तर सख्ख्या आजोबांची शर्यतसुद्धा मी छापणार नाही. तुझी वेळ कुठे आहे? कप होता, त्यात तू शिवणाची बटणं ठेवलीस. तुझी वहिनी म्हणते, बहिणीसाठी नियम वाकवा. आज वाकवला तर उद्या संपादकांचा मेहुणा दारात उभा राहील.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
दादा

१ मे

ती. दादास,
सा. न.

चोराच्या उलट्या बोंबा! घड्याळ कुणाच्या हातात होतं? सरांनी वेळ घ्यायला तुलाच उभं केलं होतं. शेवटच्या वळणावर मी पुढे आले, आणि तू बटण दाबायचं सोडून टोपी उडवत माझ्याबरोबर धावत सुटलास. मी फीत तोडली तरी घड्याळ चालूच!

पंचेचाळीस वर्षं हे मी आईबाबांनाही कळू दिलं नाही, तुला ओरडा बसेल म्हणून. आता तुझा नियम मोठा की मी, तूच ठरव.

तरीही तुझीच,
टिटवी

६ मे

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

कात्रण सोबत आहे. नातीला मोठ्याने वाचून दाखव: ‘याच दिवशी आंतरशालेय चारशे मीटर शर्यतीत आमची धाकटी बहीण पहिली. वेळ उपलब्ध नाही, कारण वेळ घेणारा आनंदाने नाचत होता. चूक त्याची, शर्यत तिची.’ संपादकांनी पुरावा मागितला. म्हटलं, नाचणारा मीच.

नियम हे निमित्त होतं गं. मला लाज वाटत होती.

ऑपरेशनला येतोय. तू उठून पहिली पावलं टाकशील तेव्हा घड्याळ घेऊन समोर उभा राहीन. बटण दाबीन याची खात्री मात्र देत नाही.

तुझा,
दादा