भाऊ ४०३ यांची शुभ सकाळ

९ जानेवारी, गुरुवार
आजही ह्यांच्या फोनवरून, ह्यांच्या नावाने 'शुभ सकाळ' टाकलं. हे जाऊन दोन महिने होतील. ग्रुपमध्ये कुणाला माहीत नाही. मीच सांगितलेलं नाही.
कसं सुरू झालं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच वाटेल की वेड लागलं होतं. बँकेच्या ओटीपीसाठी ह्यांचा फोन चालू ठेवला होता. दत्तजयंतीला सकाळी चार्जिंगला लावला तर मेसेजांचा ढीग. "भाऊ, कुठे आहात?" "भाऊ, तब्येत?" "भाऊंच्या शुभ सकाळशिवाय दिवस उघडत नाही." इतक्या लोकांना 'गेले' असं लिहायला बोट उचलेना. 'शुभ सकाळ' लिहिलं. ढीगभर लाल बदाम आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजचंच झालं.
यापुढे वहीत नुसतं शु. स. लिहीन.

१० जानेवारी
शु. स. झालं.
ग्रुपचं नाव बोंबील परिवार. बोंबील कॉइन नावाचं एक नाणं आहे, हातात धरता येत नाही असलं. त्याच्यावर गॉगल घातलेला बोंबील. ज्यांच्याकडे हे नाणं आहे ते सगळे ग्रुपमध्ये. नाणं विकायचं नाही, धरून बसायचं, याला तिथे 'वाळत घालणे' म्हणतात. घाबरून विकतो तो 'ओला'. ही शिवी आहे.
ह्यांना बोंबलाचा वास चालत नसे. मी रत्नागिरीची. एकदा बाल्कनीत सुके बोंबील ठेवले तर हा माणूस दोन दिवस जिन्यात बसून पेपर वाचत होता. आणि नाणं घेतलं ते हे.
मनीने (नाशिकहून, फोनवर) हिशेब करून सांगितलं, "आई, बाबांची सगळी नाणी विकलीस ना, तर पावशेर बोंबील येतील. खरे." म्हणजे पैशाची काळजी नाही. तो नंबर बंद कर म्हणाली. हो म्हटलं.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. सोसायटीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं या वर्षी नाही. शेजारच्या जिग्नाबेन वाणाचा डबा दारात घेऊन आल्या. "ये सब मैं नहीं मानती सुमनबेन. डब्बा तो डब्बा है, रख लो." ठेवला. झाकण घट्ट आहे.
परिवारात तिळगूळ टाकला. तिथे बोलावणं लागत नाही.

१८ जानेवारी
शनिवारी परिवाराची बोलण्याची बैठक असते, फोनवरच. सगळे भाऊ बोला, भाऊ बोला करत मागे लागले. मी घाबरून लिहिलं, घसा बसलाय.
चूक झाली. दुपारपर्यंत ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या. रॉकेट राजा नावाचा एक आहे, त्याचं मेडिकलचं दुकान असावं. तो म्हणतो, भाऊ पत्ता द्या, गोळ्या पाठवतो. कोब्रा म्हणून एक आहे तो म्हणाला, घसा आठवड्यात सुटला नाही तर डॉक्टरला दाखवा, आणि पॉलिसीत बसतं का ते आधी बघा.
ह्यांना खरा ताप होता तेव्हा घरात मी एकटी होते. घशाला मात्र एवढी माणसं.

२१ जानेवारी
कुणीतरी परिवाराची माहितीपत्रिका टाकली होती, इंग्रजी, लांबलचक. वाचायला घेतली. शाळा सातवीनंतर सुटली, पुढचं सगळं वाचनालय आणि पुडीचे कागद. डिक्शनरी घेऊन बसले. चार पानांत एवढं कळलं, की इथे मुख्य असा कुणी नाही. जे काही ठरवायचं ते सगळ्यांच्या मतावर. एका माणसाला एक मत, मुदत दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत.
आमचं भजनी मंडळ असंच होतं. दोन वर्षांत पेटी कुणी वाजवायची यावरून फुटलं.

२३ जानेवारी
आज शु. स. टाकून मागचं वाचत गेले. मागच्या वर्षीचं, त्याच्या मागचं. ह्यांचं लिहिणं.
घरात हा माणूस दिवसाला मोजून बोलायचा. 'चहा.' 'बरं.' 'मनीचा फोन?' संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायला जायचा. फेऱ्या कसल्या, तिथे बसून हे चालायचं. पानंच्या पानं.
नाणं एकदा पार कोसळलं होतं. रॉकेट राजाने लिहिलेलं, भाऊ झोप लागत नाही, काही सुचत नाही, बायकोला सांगितलेलं नाही. त्यावर ह्यांचं उत्तर: "आमची ही म्हणते, घरात तांदूळ आहेत ना? मग झोपा. तांदूळ संपले की जागू. आणि बायकोला सांगा. तिला आधीच कळलेलं असतं."
हे मी म्हटलं होतं. ह्यांची गिरणी बंद पडून पगार थांबला तेव्हा. ह्यांनी त्या वेळी नुसतं 'बरं' म्हटलं होतं.
पुढे सगळीकडे तेच. आमची ही म्हणते. आमच्या हिला विचारून सांगतो. आमच्या हिचं मत पडलं की…
वाचवेना. भाजी करपली.

२७ जानेवारी
जि. बेन साखर मागायला आल्या. फोन टेबलावर. टिंग. टिंग. लाल बदाम. त्यांनी वाकून नाव वाचलं. रॉकेट राजा.
"सुमनबेन. ये राजा कौन?"
"ग्रुपमधला आहे."
"रोज सुबह दिल भेजता है?"
"सगळे पाठवतात."
"सब?" त्या खुर्चीवर बसल्याच. मग हळूच, "मेरे को कोई प्रॉब्लेम नहीं. लेकिन पहले देख लो, पेन्शन है क्या."
साखर न घेताच गेल्या. संध्याकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्याच्या बाई माझ्याकडे बघून गोड हसल्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी बेल. दारात चाळिशीची बाई, हातात पिशवी, वास जिन्यातूनच आलेला.
"भाऊ हायत का? मी शार्क."
शार्क म्हणजे परिवाराची अ‍ॅडमिन. नाणं काढलं त्यांच्यातली एक. मी आजवर कुणी दाढीवाला समजत होते. नाव फिलोमिना, समुद्रकाठच्या पालीची, घरची होडी, बोंबील वाळवायचा धंदा. भाऊंनी कधीतरी इंद्रलोक आणि घर नंबर ४०३ लिहिलं होतं, तेवढ्यावर विचारत विचारत आली.
"घसा बसलाय म्हंटलं. आमच्याकडं सुक्या बोंबलाचं कालवण देतात घशाला. आणलंय बगा."
आत आली आणि भिंतीवर फोटो. हार.
"कवा?"
"दिवाळीनंतर."
"मंग सकाळचं…"
"मी."
ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. माझ्या घरात माझ्या नवऱ्यासाठी माझ्यापेक्षा मोठ्याने. मीच तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, चहा टाकला. जि. बेन दार उघडून बघून गेल्या.
शांत झाल्यावर म्हणाली, "काकी, आमाला कुणाला फरकच न्हाय कळला. तीच बोली, तेच शब्द."
आनंद व्हावा की राग यावा हे ठरेना. चहात साखर दोनदा पडली.
जाताना म्हणाली, "मी कुणाला बोलत न्हाय. सांगायचं का न्हाय ते तुमचं. पन सोळाला समद्यांची गाठभेट हाय, बेव्हर्ली पार्कला. भाऊंना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलंय. मतं घेऊन. एक बी इरोधात न्हाय."

५ फेब्रुवारी
शु. स. टाकलं नाही. बेचाळीस मेसेज आले. मग टाकलं.
बोंबलाचं कालवण केलं. खिडक्या उघडल्या नाहीत. रागावणारं कुणी नाही हे जेवताना लक्षात आलं, आणि पुढचा घास गिळायला पाणी लागलं.

११ फेब्रुवारी
मनीला आज सगळं सांगितलं. आधी ओरडली. "आई, ही फसवणूक आहे!" मग, "बाबा काय लिहायचे गं?" मागचं थोडं वाचून दाखवलं. फोन ठेवताना एवढंच म्हणाली, "सांगितलंस तर ते लगेच काढतील बाबांना. श्रद्धांजलीचे हात जोडतील आणि काढतील. सगळीकडे तसंच असतं."
मला याचीच भीती आहे. बँकेतून नाव गेलं, रेशनकार्डावरून गेलं, दाराच्या पाटीवर मीच दोन नावं ठेवलीत. रोज सकाळी 'भाऊ, कसे आहात' असं विचारलं जातं ती ही एकच जागा उरली.
पण शाल घ्यायला मेलेला माणूस कसा जाणार?

१६ फेब्रुवारी, रविवार
जाऊन आले.
बेव्हर्ली पार्कचं उडप्याचं हॉटेल, वरचा हॉल. दहाबारा जण, म्हणजे अख्खा परिवार. भिंतीवर कागदी बोंबील चिकटवलेले. रॉकेट राजा टक्कल पडलेला, मुलीला घेऊन आलेला. कोब्रा विमा एजंट, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर नारळ. मला बघून तोच उठला. "काकू, भाऊ मागून येतायत का? पार्किंग मिळत नाही इथे."
फिलोमिना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, "ते दिवाळीनंतर गेले. तेव्हापासून मी लिहितेय. घसा कुणाचाच बसला नव्हता."
वेटर इडल्या घेऊन दारातच थांबला.
रॉकेट राजा म्हणाला, "म्हणजे तांदूळ…"
"ते आधीचं. ते त्यांनीच लिहिलं होतं."
"पण म्हणाला होतात तुम्ही."
"हो."
त्याने मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. तिने सॉस लागलेल्या हाताने पाय धरले. मग शालीचा घोळ. पुरुषाची शाल, काकूंना कशी द्यायची, फोटोला घालायची का, नारळ चालतो का. कोब्रा नारळ पुढे करायचा, पुन्हा मांडीवर घ्यायचा. फिलोमिनाने शाल ओढून माझ्या अंगावर टाकली. "एसी हाय हितं. थंडी वाजंल बाईला." विषय संपला.
मग खरा विषय. भाऊ ४०३ चं काय करायचं?
कोब्राने घसा साफ केला. "काकू, वाईट वाटून घेऊ नका. माणूस गेला की खातं बंद होतं. मी रोज हेच काम करतो. तुम्ही तुमच्या नावाने या. सुमन म्हणून. तुमचं पहिलं स्वागत मी करीन. पण मेलेल्या माणसाच्या नावाने मत चालू ठेवलं तर उद्या कुणीही करेल."
मी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. बरोबरच बोलत होता.
रॉकेट राजा उठला. "भाऊ निघाले तर मी पण निघालो. आत्ताच ओला होतो!"
गलका झाला. शेवटी परिवाराचा नियम, मत घ्या. एका टेबलाभोवती बसलेली माणसं, हात वर केले असते तरी चाललं असतं. पण नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आपापल्या फोनवर मतं दिली. ठराव: भाऊ ४०३ यांना राहू द्यावे की जाऊ द्यावे. इडल्या गार.
बरोबरी. अ‍ॅडमिन मत देत नाही. मत द्यायचं एकच राहिलं होतं. भाऊ ४०३.
कोब्रा म्हणाला, "ते धरता येणार नाही. तोच तर मुद्दा आहे."
रॉकेट राजा म्हणाला, "ठराव होईपर्यंत ते सदस्य आहेत. नियम वाच."
कोब्राने नियम वाचला. दोनदा वाचला. घाम पुसला. "बरोबर आहे," म्हणाला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, विचार करून सांगते. मुदत उद्या सूर्य मावळेपर्यंत.
रिक्षाने घरी सोडायला कोब्राच आला. नारळ माझ्या पिशवीत घालून गेला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी शु. स. कुणाच्या नावाने टाकायचं ते कळेना. टाकलं नाही. आज एकानेही विचारलं नाही. सगळे थांबलेत.
जि. बेनना सगळं सांगितलं. राजाचं कळल्यावर जरा हिरमुसल्या. म्हणाल्या, "मैं तो दोनों नाम रखती." तसं चालत नाही, एका माणसाला एक नाव, एक मत.
मनी म्हणते, राहू दे गं बाबांना. अर्ध्या तासाने तिचाच पुन्हा फोन, "नाहीतर आई, तूच लिही ना तुझ्या नावाने." दोन्ही वेळा रडत होती.
सुमन म्हणून लिहिलं तर ते माझं असेल. पण मग 'आमची ही म्हणते' असं म्हणणारं कुणी नाही. मी काय म्हणते ते मलाच म्हणावं लागेल. आणि भाऊ राहिले तर रोज सकाळी तब्येत कशी म्हणून विचारतील. आता सगळ्यांना खरं माहीत असून विचारतील. ते मला सोसेल का?
ह्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "तुला काय वाटतं?" भाजी कुठली, मनीचं स्थळ, घर विकायचं की नाही, दर वेळी हेच. जबाबदारी माझ्यावर ढकलतात म्हणून मी चिडायचे आणि चिडून उत्तर द्यायचे. उत्तर असायचंच माझ्याकडे. एकदाही असं झालं नाही की त्यांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही.
फोन समोर ठेवलाय. राहू द्या. जाऊ द्या. चष्मा दोनदा पुसून झाला.
ऊन अजून समोरच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर आहे.