वच्छलाबाईंच्या भिंगाचा कोन

६ ऑक्टोबर, सोमवार

चुकलंय. नक्की चुकलंय!

सकाळी वच्छलाबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मी काढला. चारठाण्याच्या आहेत, ऊसतोडीला जातात. डावा डोळाही पिकलाय, तो नंतर. बुबुळाचा आकार वाकडा, म्हणून साधं भिंग नाही, तो वाकडेपणा भरून काढणारं टोरिक बसवायचं. ते ठरलेल्या कोनातच बसलं पाहिजे. त्यासाठी पेशंटला ताठ बसवून डोळ्यावर शाईच्या खुणा करायच्या, कारण आडवं झालं की डोळा खोबणीत जरासा फिरतो. मी बसवूनच केल्या होत्या. पण टेबलावर डोळा धुतला आणि शाई गेली!

बाईंना उठवायचं म्हणजे तोंडावरचं निर्जंतुक कापड काढून पहिल्यापासून तयारी. पलीकडच्या टेबलावरून सर ओरडले, "अजून सुरू नाही?" मी घाबरले आणि झोपलेल्या डोळ्यावरच अंदाजानं खुणा करून मोकळी झाले. सरांना बोलले नाही. शिकाऊ म्हणून आधीच मला मोजक्याच केसेस मिळतात — त्याही गेल्या असत्या.

७ ऑक्टोबर

पट्टी काढली. "लय झ्याक दिसायलंय, डॉक्टरीणबाई!" मला रडूच आलं. पण तक्त्यावर चौथ्या ओळीला गाडी अडली, पुढचं सगळं अंदाजपंचे. सर घाईत म्हणाले, "पहिला दिवस आहे, सूज असेल." मी मान हलवली. बुबुळ आरशासारखं स्वच्छ होतं. सूज कुठली!

८ ऑक्टोबर

आईचा फोन उचलला नाही.

९ ऑक्टोबर

बाईंचा मुलगा रामकिशन थेंबांची बाटली न्यायला आला. सहज विचारलं, माय काय म्हणते? तो चपलेनं फरशी घासत राहिला.

"तुमाला सांगू नको म्हणलीय. ऊस एकाचे दोन दिसायलेत तिला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"एवढी मेहनत केली तुमी. तोंडावर वाईट कसं सांगावं?"

हे एक बरं आहे आमच्याकडं! डॉक्टरचं मन राखायचं आणि घरी जाऊन डोळे चोळायचे. दिवाळी झाली की यांची टोळी कोल्हापूरकडं निघणार. वडील गेल्यापासून मायलेकांचाच कोयता आहे, तोडणीची जोडी. डाव्या हातात ऊस धरायचा, उजव्यानं बुडात घाव घालायचा. दोन उसांतला खरा कुठला, हेच कळलं नाही तर? तो डावा हात डोळ्यापुढून जात नाही. उद्या बाईंना घेऊन ये म्हणाले त्याला.

१० ऑक्टोबर

बाहुली मोठी करून पाहिलं. भिंग ठरल्या कोनापासून वीस अंश तिरकं! निम्म्याहून जास्त फायदा पाण्यात.

महिन्यानं चष्मा देऊन टाकू, कोणाला कळतंय — हा विचार आला. आला, खोटं कशाला लिहू. उसाच्या फडात घामानं निथळणाऱ्या बाईला चष्मा! तिकडं बाई विचारतायत, "कामाला कधी लागू?"

सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं.

"शाई गेली तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्हाला भ्याले, सर."

सर म्हणाले, "भिंग चिकटून बसायच्या आत फिरवावं लागेल. सोमवारी. तूच करायचं, मी शेजारी बसतो. आणि बाईंना तू सांगायचं. भिंग सरकलं असं नाही, माझ्याकडून चुकलं असं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर

सांगितलं. रामकिशन उसळला. "शिकायला आमच्या मायचाच डोळा गावला का?" बाईंनी त्याला दटावलं. "गप रे. खरं तर सांगितलं तिनं." मग डोळे बारीक करून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "करा तुमी. माझा इस्वास हाय."

शिवी दिली असती तरी चाललं असतं. विश्वासाची जास्त भीती वाटते.

१३ ऑक्टोबर

ताठ बसवून खुणा केल्या. शाई वाळेपर्यंत हललेही नाही. टेबलावर मी घाई करायला लागले तेव्हा सरांनी नुसतं "थांब. श्वास घे," म्हटलं. भिंग फिरलं. कोन जुळला.

१४ ऑक्टोबर

पट्टी काढली. बाई तक्त्याच्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत सरळ वाचत गेल्या, कुठं अडल्या नाहीत. रामकिशन हसला. मीही हसले.

मग त्या माझ्याकडं वळल्या. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"अगं माय! तू तर लेकरूच हायस की!"

हसू हळूहळू मावळलं त्यांचं. हात डाव्या डोळ्याकडं गेला.

"ह्या डोळ्याला मोठे डॉक्टर असतेल न्हवं?"

"असतील," मी म्हणाले.