नमुन्यादाखल नापास

३ एप्रिल
कॉलेजच्या मार्कांचं सॉफ्टवेअर करायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर सोपवलं. (म्हणजे मीच मागितलं. बाकीचे प्राध्यापक खाली बघत होते.) प्राध्यापकांनी मार्क भरायचे, मुलांनी मोबाइलवर ग्रेड बघायची. कुणी नापास झालं की पालकांना आपोआप मेसेज. ही कल्पना खास माझी. परीक्षा विभागाच्या हेडक्लार्कबाई म्हणाल्या, रजिस्टर आहे की. कीव आली.
संकल्प: रोज दोन तास काम.

६ एप्रिल
पहिल्या पानाला निळा रंग दिला. दुपारी हिरवा केला. प्रगती उत्तम.

१५ एप्रिल
मेसेज जातो का हे बघायला एक नापास विद्यार्थी हवा होता. दादाची मुलगी आमच्याच कॉलेजात, तिचा रोल नंबर सत्तेचाळीस मला पाठ. अर्थशास्त्रात सहा मार्क टाकले. स्क्रीन लालभडक! (पालकांना खरा मेसेज निकालाच्या दिवशीच सुटणार.) स्वतःच टाळ्या वाजवल्या.
उद्या आठवणीने पुसणे.

१९ एप्रिल
दोन नव्या सोयी. एकदा पडलेला मार्क प्राचार्यांच्या पासवर्डशिवाय बदलणार नाही. आणि मार्क कुणी, कोणत्या तारखेला भरला, हे विद्यार्थ्यालाही दिसणार. पारदर्शकता म्हणजे पारदर्शकता.
काहीतरी पुसायचं होतं. आठवेल.

२ मे
निकाल लागला. प्राचार्य खूश. संध्याकाळी दादाचा फोन, पोरगी अर्थशास्त्रात नापास! सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झालीय, पण आठ तारखेपर्यंत सगळ्या विषयांत पास असल्याचा कागद दिला नाही तर जागा गेली. तडक त्यांच्या घरी गेलो आणि तिला तासभर झापलं. ती म्हणाली, काका, पेपर छान गेला होता. म्हटलं, मशीनला काका-पुतणी कळत नाही. रडली. कठोर व्हावं लागतं.

३ मे, सकाळी ११
सहा मार्क.
अरे देवा. ते माझेच.
अर्थशास्त्राच्या सरांनी सगळी यादी एकदम चढवली, पण तिच्या जागी आधीच मार्क असल्यामुळे सॉफ्टवेअरने तिचे खरे मार्क घेतलेच नाहीत. सोय चोख चालते, हे मात्र सिद्ध झालं.
चहा घेऊन लगेच सांगतो.

४ मे
स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. अशा वेळी कसं सांगणार? बरं दिसत नाही.

६ मे
दादाचा फोन. ती धड जेवत नाहीये म्हणे. मी म्हणालो, बरं झालं, अद्दल घडेल.
हे मी म्हणालो. लाज वाटली. लिहितानाही वाटतेय.
उद्या नक्की.

७ मे
प्राचार्य मीटिंगमध्ये होते. (अर्धा तास. नंतर मोकळे होते.)

८ मे
दहा वाजल्यापासून प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसलो. मनात वाक्यं जुळवत होतो. बाराला दार उघडलं आणि आतून पुतणीच बाहेर आली, मागे रजिस्टर घेऊन हेडक्लार्कबाई. तिने अर्ज करून उत्तरपत्रिका काढून घेतली होती. एक्क्याऐंशी मार्क. कागदावर सही झाली होती. प्राचार्यांनी मला विचारलं, हे सहा कुठून आले? मी म्हणालो, सर्व्हरचा प्रॉब्लेम.
पुतणीने कागदाची घडी घातली. जिन्यात हळूच म्हणाली, काका, माझा पेपर बावीसला होता. मार्क पंधराला पडलेत, तुमच्या नावाने. मला दोन तारखेलाच दिसलं होतं. वाटलं, तुम्ही सांगाल. बाबांना तुम्हीच सांगा.

९ मे
दादाला सांगितलं.  तो म्हणाला, तू तिला बोलत होतास तेव्हा मी तुझी बाजू घेतली होती रे.
प्राचार्यांनाही सांगितलं. ते फक्त बरं म्हणाले.

१२ मे
सॉफ्टवेअर बंद. परत रजिस्टर. मी उत्तरपत्रिकेवरून मार्क वाचायचे, बाईंनी लिहायचे. सेहेचाळीसपर्यंत ठीक चाललं होतं. सत्तेचाळीसला तोंडातल्या तोंडात म्हणालो, एक्क्याऐंशी.
बाई म्हणाल्या, मोठ्याने बोला सर, ऐकू येत नाही.