समुद्रफूल आईंनी कापलं नव्हतं

सिंदेवाही

आदरणीय सुरजभाऊ,

प्रफुल्लचा नमस्कार. वहिनींचा गुडघा बरा असेल आणि रत्नागिरीची दमट हवा आता तुम्हाला मानवत असेल, अशी आशा करतो. इकडे धानाची रोवणी आटोपली. तुमच्या बहिणीची, दीपालीची, तब्येत चांगली आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. कारण तुमच्या कानावर आलंच असेल, तरी माझ्याकडूनही ऐका.

उन्हाळ्यात तुम्ही बरणीतून दिलेलं समुद्रफूल (नावाला फूल, बोराएवढा, नारंगी पट्ट्यांचा, चांगला खादाड जीव) मी ओसरीवर काचेच्या टाकीत ठेवलं होतं. मिठाचं पाणी तुम्ही सांगितलं तसंच. झिंग्याचे तुकडे मात्र सांगितल्यापेक्षा बरेच जास्त घालायचो (समुद्राकाठचा पाहुणा, आमच्या घरी उपाशी राहिला असं व्हायला नको). शाळा सुरू झाल्यावर तुमच्या आई आमच्याकडे आल्या होत्या. एका दुपारी शाळेतून येतो तर टाकीत एकाचे दोन तुकडे, आणि शेजारी आई विळीवर वांगी चिरत बसलेल्या! शेजारच्या बायनाबाई, चंदा, सगळ्या तिथंच होत्या. मी विचारलं, "आई, तुम्ही हे कापलं काय?"

त्या म्हणाल्या, "मी काऊन कापू? भाजी हाय काय ते?"

मी ऐकलं नाही. आवाज चढवला. (मराठी शिकवतो, शब्दांची कमी नाही.) संध्याकाळच्या बसनं आई गोंडपिपरीला निघून गेल्या.

मग आला रविवार. घरात कोणी बोलेना, म्हणून मी टाकीसमोर बसलो. पाहतो तर त्यातला एक तुकडा आपोआप ताणला जाऊ लागलेला! काचेला चिकटलेलं त्याचं बूड अर्धं डावीकडे चाललं होतं, अर्धं उजवीकडे. मधलं अंग भिजवलेल्या कणकेसारखं लांबलं, पातळ झालं आणि फाटलं. दोन्ही अर्ध्यांनी फाटकी कड आत ओढून घेतली आणि बसले निवांत. जवळपास विळी नाही, आई नाही. मीच एकटा.

आमच्या शाळेच्या रंभा मॅडमना विचारलं. त्या विज्ञान शिकवतात. म्हणाल्या, "अहो सर, त्यांची पिल्लं व्हायची ही एक रीतच हाय. जोडीदार शोधा लागत नाई. खाणं भरपूर भेटलं का काही जाती अशाच दोन होतात." म्हणजे कापलं कोणीच नव्हतं, आणि कोणाचा हात असलाच तर माझा, झिंग्याचा.

गोंडपिपरीला गेलो. अंगणात तुमचे सगळे काका बसलेले. आईंनी विचारलं, "आता किती झाले?"

"तीन," मी म्हटलं.

"तिसरा बी मीच कापला काय?"

सगळे हसले. मी चपलेकडे पाहत राहिलो. माफी मागितली, पण ती माझी मलाच ऐकू आली नाही. आई म्हणाल्या, "ज्या ओसरीवर बोललास, तिथीच बोल. त्याच बायांसमोर."

येत्या रविवारी त्या येणार आहेत.

आपला,
प्रफुल्ल

ता.क. रजा काढून तुम्ही या, यासाठीच हे पत्र. माझ्या बाजूनं बोलू नका. आईंजवळ बसा.

ता.क. दीपालीनं पत्र वाचलं. म्हणाली, "आवाज चढवून काय बोलले, ते कुठी हाय?" लिहिलं नव्हतं. "तुमच्यासारख्या अडाणी बाईला काय समजणार," असं मी म्हटलं होतं, सुरजभाऊ. तुमच्या आईंना.