कोरड्या सिलिंडरबाबत माझी शेवटची इच्छा

मंगळवार, दिनांक १२ एप्रिल २०११, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं आणि ते चकाकत बाहेर आलं. ज्या यंत्रात तेलाचा थेंबही नाही म्हणून कॉलेजात केक कापला गेला, त्यात तेल होतं. माझं शिक्षण तिथेच संपलं, म्हणून हा कागदही तिथूनच सुरू होतो.

मी, जांदिर व्हिगर्स, वय बावीस, राहणार जॉइनव्हिल, शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. उद्या इताजाई बंदरातून टूना पकडणाऱ्या बोटीवर शीतगृहाचा मेकॅनिक म्हणून चढतो आहे. त्या बोटीवरून गेल्या वर्षी दोघे परतले नाहीत.

कलम १. माझी सायकल खोलीतला सोबती एडेवाल्डो याला. ब्रेक लागत नाहीत हे सांगायला नको. ते त्यानेच बिघडवले आहेत.

कलम २. मायक्रोमीटर आणि हत्यारं दादाला. तो त्यांनी पाइनच्या बिया फोडणार, ठाऊक आहे. तरी त्या घरात खरं मोजणारी एखादी वस्तू असावी.

कलम ३. ते बोट ज्याला पुसलं तो रुमाल, न धुता, प्राध्यापक रुबेन्स टोमाझेली यांना. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधला पिस्टन तेलाऐवजी वायूच्या पापुद्र्यावर तरंगवायचा, हे यांचं आयुष्यभराचं काम. सिलिंडरच्या भिंतीतल्या बारीक भोकांतून दाबलेला वायू आत सोडायचा. जास्त सुटला तर थंडावा वाया, कमी सुटला तर पिस्टन घासतो. यांचा भोकांचा हिशेब साफ चुकला होता. तरी पिस्टन महिनाभर मजेत धावला, कारण वर्कशॉपच्या हवेच्या नळीतल्या फिल्टरची जाळीच कोणीतरी काढली होती. हवेबरोबर तेलाचे तुषार आत जात होते आणि सर त्यावर निबंध लिहीत होते!

मी बोट दाखवलं तर म्हणाले, "घाम असेल रे तुझा."

"सर, घामाला गॅरेजचा वास येतो?"

"गणितात दोनदा नापास झालेल्याने मला वंगण शिकवू नये. माफी माग, नाहीतर दार तिकडे आहे."

ओळखपत्र त्यांच्या कॉफीत बुडवून मी निघालो. कॉफीबद्दल खेद नाही.

कलम ४. मी स्वतः घडवलेला सिलिंडर लिझियान बोर्टोलिनी हिला. याची भोकं मोठी आहेत, बुजत नाहीत. वायूला आवर घालते ती बाहेरून वळसे घेत जाणारी केसाएवढी खाच. त्या लांबच्या वाटेने वायू दमत दमत पोचतो आणि हवा तेवढाच आत येतो. वर्कशॉपमधले टर्नर सेउ नेरेउ यांच्या शेडमध्ये कोरड्या, बिनतेलाच्या नायट्रोजनवर हा चाळीस तास चालला. एक ओरखडा नाही.

लिझियानचा प्रबंध सरांच्या त्याच तेलकट आकड्यांवर उभा आहे. शुक्रवारी तिची तोंडी परीक्षा. तेलाचं मी सर्वांत आधी तिलाच सांगितलं होतं. "माझी परीक्षा होईपर्यंत गप्प बस ना जांदिर," ती म्हणाली, "दोन वर्षं घातलीत मी." मी तिला भित्री म्हणालो. खरं तर तिच्यावर माझं प्रेम आहे हे सांगायला गेलो होतो. ते राहिलं, म्हणून इथे नोंदवतो. अट कोणतीही नाही. तिने हा सिलिंडर प्रबंधावर वजन म्हणून ठेवला तरी कायद्याला चालेल.

साक्षीदार:

१. दोना हिल्डा क्रूगर, घरमालकीण. "एवढ्या शिव्यांखाली सही करू? चर्चला जाते मी!" असं म्हणत केली.

२. सेउ नेरेउ पाविन, वर उल्लेखलेले टर्नर. कलम ३ वाचून आढ्याकडे बघत म्हणाले, "त्या जाळीने हवेचा दाब कमी पडायचा रे..." आणि सही केली.

३. तिसऱ्या सहीला माणूस नव्हता. एवढ्यात लिझियान निरोप द्यायला आली. दोना हिल्डांनी तिच्या हातात पेन दिलं. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं.

"ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही ना?"

"नाही."

"म्हणजे सही केली की सिलिंडर माझा नाही आणि शुक्रवार सुखाचा."

तिने पेन परत दिलं आणि सिलिंडर उचलला. "परीक्षकांसमोर सरांचा सिलिंडरही कोरड्या नायट्रोजनवर चालवेन, आणि हाही. घासला तर घासला. गेली दोन वर्षं तर गेली."

मी बॅग खाली ठेवली.

"उचल ती," ती म्हणाली. "तू समोर असलास तर मी तुझ्यासाठी खरं बोलले असं होईल. जा."

"आणि कलम चारमधलं ते..."

"वाचलं. परत ये आणि तोंडाने सांग, भित्र्या."

तिसरी सही नसल्याने हा कागद कायद्याने रद्दी आहे, हे पूर्ण जाणून खाली सही करतो.

जांदिर व्हिगर्स
जॉइनव्हिल, सांता कातारिना
१७ मे २०११, दुपारी तीन

ती खिडकीपाशी सिलिंडर उजेडात धरून खाचेचे वळसे मोजते आहे, माझ्याकडे बघत नाही. पेन ठेवतो, बॅग उचलतो, आणि दार बाहेरून ओढून घेतो.